विचारणाऱ्याला परत पाठवू नका

"भाऊ, बेस काहून दबते?" असे विचारत लॅपटॉप घेऊन आलेल्या पोराला आमच्या गोंदिया जिल्ह्यात बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते. "सोताच करून पाय. आमाले कोनं सांगतलं होतं?" डीजेवाले हे सांगतात, धुमाल पार्टीतले कीबोर्डवाले सांगतात, घरातल्या एका खोलीत रेकॉर्डिंगचा धंदा चालवणारे सांगतात. सांगणाऱ्यांत वाईट माणसे थोडीच आहेत. बहुतेकांनी खरोखर खस्ता खाऊन हे काम उचललेले असते आणि त्या खस्तांचा त्यांना रास्त अभिमान असतो. पण होता होता या उत्तराचे एक तत्त्वज्ञान झाले आहे. इलेक्ट्रॉनिक संगीत शिकवता येत नाही, ते ज्याचे त्याने बटणे फिरवून शोधायचे असते. विचारणारा आळशी असतो. खरा कलावंत प्रयोग करतो, मदत मागत नाही. वरून हे स्वावलंबन दिसते. प्रत्यक्षात त्याने नव्या पोरांचे नुकसान होते, आपल्या संगीताचे होते, आणि ज्या प्रयोगाची थोरवी सांगितली जाते त्या प्रयोगाचेही होते.

आधी या मताची बाजू नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. कान सांगून तयार होत नाही. किक आणि बेस एकाच जागेवर आदळले की आवाज कसा गढूळ होतो हे दहा जणांनी समजावले तरी कळत नाही. इक्वलायझरचा एक पट्टा आपल्या हाताने खाली ओढला आणि गढूळपणा निवळला, की ते जन्मभर कळते. शिवाय या संगीताचा इतिहासच प्रयोगांनी भरलेला आहे. रोलँड या जपानी कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ नावाची छोटी पेटी बाजारात आणली. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी, एवढाच तिचा हेतू होता. त्या कामात ती फसली आणि १९८४ पर्यंत तिचे उत्पादन थांबले. पुढे शिकागोतल्या 'फ्यूचर' या गटाने अशी एक जुनी पेटी मिळवली, तिचे नॉब भलतेच फिरवले, आणि त्यातून निघालेल्या वळवळत्या, किंचाळत्या आवाजाने १९८७ च्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'मधून संगीताचा एक नवा प्रकार उभा केला. त्याच्या पाच वर्षे आधी, १९८२ साली, मुंबईत चरणजित सिंग यांनी तीच पेटी, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर एकत्र आणून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. त्यांना कोणी शिकवले होते? विरोधकांचा हा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

म्हणून तोच आधी घेतो. 'फ्यूचर' हा तीन मित्रांचा गट होता. पेटीशी एक खेळत होता, दुसरे ऐकत होते, आणि 'थांबू नको, चालू दे' म्हणणारे कान खोलीतच होते. तयार झालेली टेप त्यांनी रॉन हार्डी या डीजेकडे नेली. हार्डीने ती 'म्यूझिक बॉक्स' क्लबात एकाच रात्री पुन्हा पुन्हा लावली, तेव्हा कुठे लोक तिच्यावर नाचले. आपले काम जाणत्या माणसाकडे नेऊन 'हे चालेल का?' म्हणणे हे विचारणेच आहे. तो दरवाजा बंद असता तर ती टेप खोलीतच राहिली असती.

चरणजित सिंग तर नवखे मुळीच नव्हते. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत त्यांनी वर्षानुवर्षे वादन केले होते. त्या काळचा रेकॉर्डिंग स्टुडिओ म्हणजे शिकण्याची जागाच होती. अरेंजर समोर उभा, शेजारी आपल्याहून जुना वादक, चूक झाली तर सगळ्यांदेखत पुन्हा टेक. १९८२ साली यंत्रे नवी होती. राग, ताल, वाद्यांचा मेळ, रेकॉर्डिंगची शिस्त हे सगळे माणसांकडून आलेले होते. त्यांचा प्रयोग त्या शिदोरीवर उभा होता. गोंदियातल्या सतरा वर्षांच्या पोराला, ज्याने अजून मिक्सर जवळून पाहिलेला नाही, त्यांचे उदाहरण देऊन हाकलणे हा त्या थोर वादकावरही अन्याय आहे.

याच उदाहरणात आणखी एक धडा आहे आणि तो माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे. चरणजित सिंग यांच्या त्या दहा रागांची तबकडी बाजारात आली आणि विसरली गेली. एका डच संग्राहकाने २०१० साली ती पुन्हा प्रकाशित केली तेव्हा जग थक्क झाले. मधल्या २८ वर्षांत त्या कामाभोवती ना शिष्य जमले, ना घराणे उभे राहिले. त्याआधीही हेच घडले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ सुरू झाला होता. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशांनी तिथे काम केले. १९७२ नंतर ते थांबले, टेप संस्थेत पडून राहिल्या, आणि त्यांतले निवडक संगीत लोकांपुढे यायला २०२३ साल उजाडले. म्हणजे भारतात इलेक्ट्रॉनिक संगीत अर्ध्या शतकापूर्वी होते. ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले नाही एवढेच. प्रयोगांची आपल्याकडे कधीच कमतरता नव्हती. विचारणारा आणि सांगणारा यांची गाठ पडली नाही, म्हणून प्रत्येक पिढीला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली.

याच्या उलट काय घडू शकते हे पाहायचे तर मराठी माणसाने दादासाहेब फाळक्यांकडे पाहावे. सिनेमा करायचे मनात घेतल्यावर त्यांनी मिळेल ते साहित्य जमवून घरी इतके प्रयोग केले, इतके चित्रपट पाहिले, की काही काळ त्यांची दृष्टी अधू झाली. प्रयोगात स्वतःला असे झोकून देणारा माणूस विरळा. पण याच माणसाने विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठले. कुणाची ओळख नव्हती. ज्या 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे ते वाचक होते त्याच्या कचेरीत ते सरळ शिरले आणि संपादक कॅबोर्न यांना आपले मनोगत सांगितले. कॅबोर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला. मग त्यांची तळमळ पाहून निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली, आणि हेपवर्थ यांनी आपल्या स्टुडिओचे सगळे विभाग, सगळे काम त्यांना उघडून दाखवले. एप्रिलमध्ये फाळके परतले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. कॅबोर्न आणि हेपवर्थ यांनी त्या दिवशी 'स्वतः करून बघा' म्हणून दार लावले असते तर? फाळक्यांनी तरीही सिनेमा केला असता, असे मी मानतो. पण किती वर्षांनी, आणि डोळ्यांची आणखी काय किंमत देऊन? फाळक्यांना विचारण्याची लाज वाटली नाही आणि विचारल्यामुळे ते लहान झाले नाहीत.

आता इतिहास बाजूला ठेवू आणि गोंदियातल्या खोलीत येऊ. मदतीशिवाय केलेला प्रयोग नेहमी सत्याकडेच नेतो, हे मुळात खरे नाही. प्रयोग करणाऱ्याचे मोजण्याचे साधन बिघडलेले असेल तर तो कितीही प्रामाणिकपणे केला तरी निष्कर्ष चुकतो. संगीत बनवणाऱ्या पोराचे मोजण्याचे साधन म्हणजे त्याचा कान आणि त्याची खोली. आपल्याकडे खोली बहुधा दहा बाय दहाची. दहा फूट म्हणजे सुमारे तीन मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला तर समोरासमोरच्या दोन भिंतींत जी पहिली लहर अडकून घुमते तिची वारंवारता ५६-५७ हर्ट्झ येते. नेमकी तिथेच किकची धडक असते. खोली चौरस असल्यामुळे लांबीची आणि रुंदीची लहर एकाच जागी येते. आणि या लहरीचा दाब भिंतीशी सर्वांत जास्त, खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्य असतो. पोरगा टेबल मांडून मधोमध बसतो. त्याला किक ऐकूच येत नाही. तो बेस वाढवतो, आणखी वाढवतो, रात्र जागून प्रयोग करतो आणि शेवटी समाधानाने ट्रॅक पूर्ण करतो. दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक मिरवणुकीच्या गाडीवर लागतो तेव्हा बेसच्या गोंगाटात गाणे बुडून जाते आणि डीजेवाला म्हणतो, "तुले काई समजत नाई." त्या पोराने काय कमी केले होते? प्रयोग केला, कानावर विश्वास ठेवला, कष्ट केले. 'खुर्ची मधून हलव, भिंतीपाशी जाऊन ऐक, मग दुसऱ्या स्पीकरवर ऐक' हे वाक्य त्याला कोणी सांगितले नाही, एवढेच कमी पडले. हजार प्रयोगांतूनही ते त्याला सापडले नसते, कारण आपली खोली खोटे सांगते आहे हे त्याच खुर्चीत बसून कळायला काही मार्ग नाही.

दुसरे उदाहरण त्याहून क्लेशकारक आहे. नव्याने कीबोर्ड लॅपटॉपला जोडला की सूर दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येतो. सॉफ्टवेअरचा बफर २०४८ सॅम्पलवर असेल आणि सेकंदाला ४४,१०० सॅम्पलचा वेग असेल, तर उशीर सुमारे ४६ मिलिसेकंदांचा होतो. १२० च्या लयीत एका मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो; म्हणजे त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त वेळ यंत्रातच जातो. पोराला हे ठाऊक नसते. त्याला वाटते आपला हातच तालात नाही. तो आठवडेच्या आठवडे रियाज करतो, हात सुधारत नाही, कारण बिघाड हातात नसतोच. बफर २५६ वर आणला, एएसआयओ ड्रायव्हर टाकला, की उशीर सहा मिलिसेकंदांच्या आसपास येतो. जाणत्यासाठी हे मिनिटाचे काम आहे. ते मिनिट न मिळाल्याने किती मुलांनी 'आपल्याला ताल नाही' असे ठरवून कीबोर्ड विकला असेल याची नोंद कुठेच नाही. मला त्यांची काळजी वाटते, कारण त्यांच्यातला एखादा खरोखर तालाचा होता.

काही प्रयोग तर करूच नयेत असे असतात. लॅपटॉप, मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर लावले की स्पीकरमधून 'हम' येतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि ती गुणगुण तिचीच. अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन काढली तर हम बऱ्याचदा जातो. म्हणजे प्रयोग यशस्वी होतो! पण त्या क्षणापासून यंत्रात बिघाड झाला तर वीज जमिनीत जाण्याऐवजी हात लावणाऱ्याच्या अंगातून जाणार असते, आणि आपल्याकडे गणपतीची मिरवणूक भर पावसात निघते. सगळी यंत्रे एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घ्यावीत, बॅलन्स्ड केबल वापरावी, गरज पडली तर डीआय बॉक्स लावावा, हे सांगायलाच हवे. 'करून बघ' म्हणून सोडून देण्याची ही जागा नाही. कानांचेही तसेच. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या मापदंडाप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास सुरक्षित मानले जातात आणि दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे. स्पीकरच्या बॉक्ससमोर रात्रभर उभा राहणारा पोरगा स्वतःच्या कानांवर प्रयोग करतो आहे, आणि गेलेले ऐकू येणे परत येत नाही. ज्या कानांच्या बळावर तो पुढे शिकणार, तेच तो आज खर्च करतो. हे जाणून गप्प बसणाऱ्या वडीलधाऱ्याला स्वावलंबनाचे नाव घेण्याचा अधिकार नाही.

'पण आता सगळे मोबाइलवर आहे, विचारायचे कशाला?' हा आजचा सर्वांत लोकप्रिय आक्षेप. बरेच काही आहे, हे खरे. एफएल स्टुडिओ कसे उघडायचे इथपासून मास्टरिंगपर्यंतचे शेकडो तास पडले आहेत, बहुतांशी इंग्रजीत आणि हिंदीत. पण शोधायला नाव ठाऊक असावे लागते. आपला पोरगा म्हणतो आवाज 'फाटते', 'दबते', 'घुमते'. त्याच्या स्टिरिओ बेसचे डावे-उजवे प्रवाह एकमेकांविरुद्ध जाऊन गाडीच्या मोनो जोडणीत नाहीसे होतात, याला 'फेज'चा प्रश्न म्हणतात, हे आधी कोणी तरी सांगितल्याशिवाय तो काय टाइप करणार? शिवाय आपले प्रश्न जगाचे नाहीत. मंडईच्या जत्रेतल्या दंडार या लोकनाट्याची डफडी उघड्या मैदानात कशी रेकॉर्ड करावी, सालेकशाच्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेत जमणाऱ्या हजारोंच्या गर्दीत गोंडी रेला नाचाची सामूहिक लय कशी टिपावी, ढोलाचा दम न घालवता त्याखाली इलेक्ट्रॉनिक किक कशी बसवावी, पोवारी बोलीतले लग्नगीत कोणत्या लयीत घेतले म्हणजे म्हाताऱ्या बायांना आपले वाटते, यावर लंडनचा किंवा लॉस एंजेलिसचा शिक्षक काही सांगू शकत नाही. ते गोंदियाच्या, आमगावच्या, देवरीच्या माणसालाच माहीत आहे. त्याने तोंड बंद ठेवले तर ते ज्ञान जगात दुसरीकडे कुठेही नाही.

'विचारून शिकले की सगळे एकसारखे वाजवतील,' असेही म्हणतात. मी म्हणतो, आज जो एकसारखेपणा कानावर आदळतो तो न विचारण्यातून आलेला आहे. आवाज कसा घडवायचा हे ज्याला कळत नाही तो तयार लूप उचलतो. तोच पेनड्राइव्ह, तेच सॅम्पल, तोच ड्रॉप बालाघाटपासून राजनांदगावपर्यंत फिरतो. ज्याला ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप कोणी समजावले आहेत तोच तयार प्रीसेट बाजूला सारू शकतो. शिकण्याने स्वत्व जाते ही भीती आपल्या संगीताने तर कधीच खोटी ठरवली आहे. भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन उस्तादांकडे शिकले, आणि तिघांचे घेऊन भास्करबुवाच राहिले. आवाज बिघडल्यावर ज्यांनी आपली अख्खी गायकी नव्याने घडवली ते अल्लादिया खाँ महाराष्ट्रातल्या सांगीतिक प्रयोगाचे सर्वांत मोठे नाव. पण त्याआधी काका जहांगीर खाँ यांच्याकडे त्यांनी वर्षानुवर्षे तालीम घेतली होती. आजचे उदाहरण हवे असेल तर अजय-अतुल. शास्त्रोक्त शिक्षण न घेता स्वतः घडलेले हे भाऊ 'सैराट'च्या वेळी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंद घेऊन बसले. वाद्यवृंद जाणणाऱ्यांची मदत घेतल्याने त्यांचे गाणे परके झाले नाही. गावोगाव वाजले, आपल्या जिल्ह्यातही वाजले.

राहता राहिला पोटाचा प्रश्न, आणि तो मी हलका मानत नाही. गोंदियात डीजेवाल्याचा किंवा धुमालवाल्याचा हंगाम लग्नसराई आणि सणांपुरता. आज शिकवलेला पोरगा उद्या कमी दरात सुपारी घेईल ही भीती खरी आहे. पण दडवून किती दिवस दडवणार? जे सेटिंग तुम्ही लपवता ते पोरगा वर्षभराने कुठून तरी मिळवणारच, फक्त त्या वेळी तो तुमचा माणूस नसेल. गिऱ्हाईक तुमच्याकडे सेटिंगसाठी येत नाही. वेळेवर पोहोचणे, मिरवणुकीचा रंग ओळखून गाणे बदलणे, जनरेटर बंद पडला तरी कार्यक्रम न पडू देणे, यासाठी ते येते, आणि हे कोणी एका वाक्यात चोरून नेऊ शकत नाही. शिकवलेला पोरगा पहिली काही वर्षे तुमच्याच गाडीवर काम करतो, हेही आपण पाहतो. आणि दडवण्याचा शेवट काय होतो हे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना विचारावे लागेल. पेशाने वकील असलेला हा माणूस देशभर फिरला, उस्तादांच्या दारात बसला, नकार पचवले, मिनतवाऱ्या करून शेकडो बंदिशी मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'त सर्वांसाठी छापल्या. ज्यांनी दिल्या त्यांच्या बंदिशी आज शाळेतली मुले गातात. ज्यांनी मुठी आवळल्या त्यांचे धन त्यांच्याबरोबर गेले. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते याच भिंती पाडण्यासाठी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मराठी माणसांनी जी कोंडी फोडली ती आपण लॅपटॉपच्या काळात नव्याने बांधतो आहोत.

'स्वतः करून बघ' हा सल्ला सगळ्यांना सारखा लागूही पडत नाही. प्रयोगाला वेळ लागतो, वीज लागते, चुकण्याची ऐपत लागते. ज्याच्या घरी स्वतःचा लॅपटॉप, चांगले हेडफोन आणि रिकामी दुपार आहे तो चुकत चुकत शिकेल. ज्याला मित्राचा लॅपटॉप संध्याकाळी दोन तास मिळतो, दिवसा राईस मिलमध्ये पोती उचलावी लागतात आणि एक हॉर्नची कॉइल जळली तर महिन्याची कमाई जाते, त्याने किती चुका कराव्यात? मुलींचे तर विचारूच नका. मुलगा निदान रात्री गाडीवर उभा राहून, केबल गुंडाळून, पाहून पाहून काही उचलतो. मुलीला ती वाट बंद आहे. तिच्यासाठी विचारणे हीच एक वाट उरते, आणि तीही 'करून पाय' म्हणून बंद केली तर या जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक संगीत बनवणारी मुलगी आपल्याला कधीच दिसणार नाही. जुने ज्ञान कोणाला मिळाले आणि कोणाला मिळू दिले नाही, याचा या देशातला इतिहास आपल्याला पाठ आहे. नव्या विद्येच्या दारात तरी तोच पहारेकरी उभा करू नका.

विचारणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. 'पूर्ण ट्रॅक बनवून द्या', 'तुमची प्रोजेक्ट फाइल द्या', 'हिट करायचे सेटिंग सांगा' हे प्रश्न नव्हेत, ही मागणी आहे, आणि तिला नकार मिळाला तर तक्रार करू नये. धानाचा शेतकरी वाण कोणता, पऱ्हे कधी टाकू, खोडकिडीला काय मारू हे शेजाऱ्याला, कृषी खात्याच्या माणसाला बिनदिक्कत विचारतो. रोवणी मात्र चिखलात उतरून स्वतः करतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. हीच वाटणी इथेही करावी. वीज, जोडणी, ड्रायव्हर, बफर, आवाजाची पातळी, खोलीची बैठक, कायदा या गोष्टी पहिल्या दिवशी विचाराव्यात. त्या स्वतः शोधण्यात काहीही पुण्य नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, हेसुद्धा पोलीस येण्याआधी कळलेले बरे. कोणता सूर कोणत्या सुरापुढे ठेवायचा, ठेका कुठे मोडायचा, गाण्यात शांतता किती ठेवायची हे मात्र कोणाला विचारू नये. ते आपल्याच हाताने, आपल्याच कानाने, पुन्हा पुन्हा करून ठरवावे. आणि विचारायला जाताना आपण काय काय करून पाहिले ते बरोबर न्यावे. प्रयत्न करून आलेल्याला परत पाठवणे मग समोरच्यालाही जड जाते.

जाणत्यांना माझे मागणे फार मोठे नाही. नवी शाळा काढा, फुकट क्लास घ्या असे मी म्हणत नाही. दंडार आपल्या गावांत अशीच चालत आली आहे: थोरल्यांच्या शेजारी धाकटे बसतात, चुकले की तिथेच सांगितले जाते. तेवढेच करा. हंगामाआधी गोदामात बॉक्स लावून चाचणी घेता, त्या दिवशी दोन पोरांना बोलवा आणि त्यांचे ट्रॅक तुमच्या बॉक्सवर वाजू द्या. आपल्या खोलीत जे ऐकू येत नव्हते ते त्यांना पाच मिनिटांत ऐकू येईल. कोणी 'बेस काहून दबते?' म्हणून आला तर त्याला खुर्ची द्या, हेडफोन कानाला लावा, ऐका, आणि जे कळते ते सांगा. नंतर म्हणा, 'आता जाऊन करून पाय.' तेच वाक्य, पण मदतीनंतर म्हटलेले. तुम्हाला कोणी सांगितले नव्हते हे खरे आहे आणि ते वाईट झाले. ते तुमच्यापाशी थांबू द्या.